८०५ मिलिमीटर : बुलेटची बैठक आणि भारतीय देहाचे माप

चेन्नईत तयार होणाऱ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० या मोटारसायकलची बैठक जमिनीपासून ८०५ मिलिमीटर उंच आहे. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५३ सेंटिमीटर आणि पुरुषांची सुमारे १६५ सेंटिमीटर असल्याचा अंदाज शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली प्रसिद्ध केला. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की एक साधा प्रश्न उभा राहतो : हे यंत्र कोणत्या देहासाठी घडवले गेले? या प्रश्नाच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, तसाच सत्तर वर्षांचा इतिहासही आहे.

बुलेट हे नाव १९३२ सालचे. आज परिचित असलेल्या बुलेटची मूळ घडण मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, इंग्लंडमधील रेडिच येथील कारखान्यातली. मागच्या चाकाला झुलता आधार देणारी ३५० सीसीची बुलेट १९४९ च्या सुमारास बाजारात आली. स्वतंत्र भारताच्या सरकारला सीमेवरील गस्तीसाठी आणि पोलिसांसाठी दणकट मोटारसायकली हव्या होत्या. त्यासाठी ८०० बुलेटींची मागणी नोंदवली गेली. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडियाचा जन्म झाला आणि मद्रासच्या उत्तरेकडील तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग तेथे जोडले जात. १९६२ पर्यंत सर्व भाग भारतात बनू लागले. पुढे, १९७० साली, इंग्लंडमधील मूळ उत्पादन थांबले. मद्रासमध्ये मात्र १९५५ च्या घडणीची बुलेट जवळपास त्याच रूपात दशकानुदशके तयार होत राहिली.

साचे आणि आराखडे यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट इंग्लंडहून मद्रासला आली, आणि तिची वेगळी नोंद कोणत्याही मालाच्या यादीत होण्याचे कारण नव्हते. ती म्हणजे स्वाराच्या शरीराचे गृहीत माप. बैठक कोठे असावी, हँडल किती दूर असावे, पाय ठेवण्याची दांडी कोठे यावी, हे सारे चौकटीच्या पोलादी नळ्यांमध्ये आधीच ठरलेले होते. ते ज्या समाजात ठरले, तेथील पुरुषांची सरासरी उंची भारतीय पुरुषांपेक्षा अधिक होती. स्त्रिया या हिशेबात जवळजवळ नव्हत्याच. सैनिक आणि पोलीस यांची निवड उंचीची अट लावून होत असल्याने सरकारी खरेदीदारालाही हा फरक जाणवण्याचे कारण नव्हते.

योगायोग असा, की त्याच १९५५ साली अमेरिकन अभिकल्पक हेन्री ड्रेफस यांचे यंत्र व माणूस यांच्या मेळाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ‘जो’ आणि ‘जोसेफीन’ या दोन प्रातिनिधिक देहांची तपशीलवार मापे दिली होती. टेलिफोनपासून ट्रॅक्टरपर्यंतची वस्तू या दोघांच्या हातापायांना जुळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. देहाची मापे घेऊन त्यांवरून वस्तू घडवण्याचे शास्त्र आकाराला येत होते.

भारतात तेव्हा देहमापनाचे शास्त्र नव्हते असे मात्र नाही. उलट ते चांगले प्रगत होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले आणि आज जगभर वापरले जाणारे ‘महालनोबिस अंतर’ हे संख्याशास्त्रीय साधन मानवी समूहांच्या शरीरमापांची तुलना करण्याच्या प्रयत्नांतूनच घडले. संयुक्त प्रांतात १९४१ साली झालेल्या देहमापन सर्वेक्षणाचे महालनोबिस, मजुमदार आणि राव यांनी केलेले विश्लेषण १९४९ साली प्रसिद्ध झाले; बुलेट बाजारात येण्याचाच तो काळ. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी गावोगाव फिरून विविध समाजांची मापे घेतली, आणि वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला त्यांचा महाराष्ट्रातील देहमापनाचा अभ्यास १९५१ साली छापून आला. परंतु या सर्व मोजमापांमागचा प्रश्न वेगळा होता : कोणता समाज कोणत्या समाजाच्या किती जवळचा? खुर्ची किती उंच असावी, यंत्राचा खटका कोठे असावा, हा प्रश्न त्या कॅलिपरला कोणी विचारलाच नव्हता. शिवाय उभ्या माणसाची उंची कळली म्हणून त्याचा पाय जमिनीला पोहोचेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी पायाच्या आतील बाजूची लांबी हवी, मांडीची रुंदी हवी, बसलेल्या अवस्थेतील गुडघ्याची उंची हवी. अभिकल्पासाठी उपयोगी पडतील अशा भारतीय देहमापांचा विस्तृत संग्रह देबकुमार चक्रवर्ती यांनी सिद्ध केला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने तो १९९७ साली प्रसिद्ध केला. तिरुवोत्तियूरच्या कारखान्याला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती.

काही सेंटिमीटरांचा हा फरक इतका महत्त्वाचा का ठरावा? चालत्या मोटारसायकलीवर पायाच्या लांबीचा फारसा संबंध येत नाही; चाके फिरत असताना ती स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते. अडचण येते ती गाडी थांबताना. सिग्नलवर, चढावर, खडीच्या रस्त्यावर वळताना तोल सांभाळण्याचे काम चाकांकडून पायाकडे येते.

साधा हिशेब करून पाहू. माणसाच्या पायाची आतील लांबी ढोबळमानाने एकूण उंचीच्या ४६ टक्के असते. १५३ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ती सुमारे ७० सेंटिमीटर भरते. बुटाचा तळ धरून ७३. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाच्या बाबतीत हीच संख्या ७८ च्या पुढे जाते. स्वार बसल्यावर सीटचा फोम आणि स्प्रिंगा मिळून चार सेंटिमीटर दबतात असे मानले, तर ८०.५ सेंटिमीटरची बैठक ७६.५ वर येते. म्हणजे सरासरी उंचीच्या पुरुषाचे पाऊल जमिनीवर सपाट टेकते, तर सरासरी उंचीच्या स्त्रीचे पाऊल साडेतीन सेंटिमीटर अधांतरी राहते. सीटच्या रुंदीमुळे पाय सरळ खाली न जाता बाहेरून वळसा घेतो, म्हणून प्रत्यक्षातील तूट याहून थोडी अधिकच. आणि सरासरी म्हणजे मध्याच्या आसपासची रेषा. तिच्या खालीही कोट्यवधी माणसे आहेत.

समजा, ही तूट चार सेंटिमीटर आहे. चवड्यावर जोर देऊन ती भरून काढता येते, पण चवड्यावर उभा असलेला पाय आडव्या धक्क्याला तोंड देण्यास दुबळा असतो. दुसरा मार्ग म्हणजे गाडी एका बाजूला कलवणे. सीटची अर्धी रुंदी १३ सेंटिमीटर आणि उंची ८० सेंटिमीटर धरली, तर त्या बाजूची कड चार सेंटिमीटर खाली येण्यासाठी गाडी सुमारे ११ अंश कलवावी लागते. येथेच या समस्येचे मर्म आहे. १९५ किलो वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच मानल्यास ३ अंश कललेल्या गाडीला पाडू पाहणारे बल-आघूर्ण सुमारे ५० न्यूटन-मीटर असते. ११ अंशांवर तेच १८० न्यूटन-मीटरच्या पुढे जाते. एक मीटर उंचीवरील हँडल धरून गाडी सावरायची, तर पहिल्या स्थितीत पाच किलो वजन पेलण्याइतका जोर पुरतो, दुसऱ्या स्थितीत अठरा किलोंहून अधिक. म्हणजे ज्या स्वाराचा पाय अपुरा पडतो, त्याच स्वाराला गाडी अधिक कलवावी लागते आणि तिचा भारही त्यालाच अधिक पेलावा लागतो. उंच माणसाला हलकी वाटणारी गाडी ठेंगण्या माणसाला जड वाटते, ती केवळ त्याच्या मनाची समजूत नसते.

यात आणखी एक भर पडते. ठेंगणी व्यक्ती बहुधा वजनानेही हलकी असते. मागच्या स्प्रिंगा जड स्वार आणि मागे बसणारा सोबती यांच्या हिशेबाने ताठ केलेल्या असतात. हलक्या स्वाराखाली त्या कमी दबतात आणि बैठक काही मिलिमीटर उंचच राहते. जुन्या बुलेटची किक हेही असेच उदाहरण होते. ८० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटरच्या फेऱ्यात केवळ आपल्या वजनाने सुमारे २३५ ज्यूल ऊर्जा देऊ शकतो, ५० किलोचा माणूस १४७. डीकॉम्प्रेसरची कळ दाबून, दट्ट्या नेमक्या जागी आणून किक मारण्याचे कसब अंगी बाणले की हा फरक बराचसा भरून निघे. पण कसबाची ही सक्ती सर्वांवर सारखी नव्हती.

कारखान्याने जे केले नाही, ते गॅरेजांनी केले. चेन्नईतील पुदुपेट्टै हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथेही सीटचे कारागीर आणि बुलेटचे जाणते मेकॅनिक यांची परंपरा आहे. ठेंगण्या स्वारासाठी गाडी बसकी करण्याच्या त्यांच्या रीती ठरावीक आहेत, आणि प्रत्येक रीतीमागे भौतिकशास्त्राची देवघेव आहे.

सर्वांत सोपी आणि निर्धोक रीत सीटची. रेक्झिन उसवून फोम दोन-तीन सेंटिमीटर तासायचा आणि पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करायचा. निमुळतेपणाचे महत्त्व उंची कमी करण्याइतकेच आहे, कारण त्यामुळे पायाचा वळसा वाचतो. यात गाडीच्या भूमितीला धक्का लागत नाही. मोबदल्यात गादी कठीण होते आणि गुडघे अधिक दुमडतात. लांबच्या प्रवासात ते जाणवते.

दुसरी रीत मागील शॉकॲब्सॉर्बरची. त्यांचा प्रारंभिक ताण सर्वांत खालच्या खाचेवर आणणे ही पहिली पायरी. त्याने स्प्रिंगेचा कडकपणा बदलत नाही, केवळ गाडी थोडी खाली बसते, आणि हलक्या स्वाराला तेच हवे असते. अनेक जण मात्र त्यापुढे जाऊन आखूड शॉकॲब्सॉर्बर बसवतात. मागची बाजू तीन सेंटिमीटर उतरवली तर सीट तीन सेंटिमीटर खाली येत नाही. ती मागच्या आसाच्या पुढे असल्याने सुमारे दोनच सेंटिमीटर उतरते. त्याच वेळी १.३९ मीटर लांबीच्या चाकांतरावर संपूर्ण गाडी सव्वा अंशाने मागे झुकते. पुढील फोर्कचा कल तितकाच वाढतो आणि ट्रेल, म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला जेथे भेटतो तेथपासून चाकाच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर, सुमारे आठ मिलिमीटरने वाढते. सरळ रस्त्यावर गाडी अधिक ठाम वाटते, पण गल्लीत वळवताना हँडल जड लागते. म्हणजे पाय टेकण्याची सोय व्हावी म्हणून केलेला बदल मंदगतीने वळण्याची गैरसोय वाढवतो.

ही विषमता टाळण्यासाठी पुढची बाजूही तितकीच उतरवावी लागते. अनेक मोटारसायकलींत फोर्कच्या नळ्या त्यांच्या पकडीतून वर सरकवून हे साधते. जुन्या बुलेटमध्ये मात्र दिवा, स्पीडोमीटर आणि फोर्कची वरची टोके ‘कास्केट’ नावाच्या एकाच धातूच्या कवचात बसवलेली असतात. नळ्या त्यातच आटे देऊन घट्ट केलेल्या असल्याने त्या वर सरकत नाहीत. बुलेटचे जे रूप चाहत्यांना प्रिय आहे, त्यानेच हा सोपा मार्ग बंद केला आहे.

शिवाय गाडी बसकी झाली की साइड स्टँड तिच्या मानाने लांब ठरतो. गाडी पुरेशी न कलता जवळजवळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडू शकते, म्हणून स्टँड कापून आखूड करावा लागतो. डबल स्टँडवर गाडी चढवणे अधिक कष्टाचे होते. चाकाची वरखाली होण्याची जागा कमी झाल्याने गतिरोधकावर धक्का थेट कण्यापर्यंत पोहोचतो. आणि चौकट कापून फेरजोड करणे हा मार्ग तर धोक्याचा आहेच, पण निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नेही मनाई केली आहे.

गॅरेजांचे हे शहाणपण चालू असताना उद्योगाने वेगळाच मार्ग निवडला : माणसे वाटून घेतली. १९४६ च्या व्हेस्पामध्ये कोरादिनो द’आस्कानियो या विमान अभियंत्याने इंजिन मागच्या चाकाजवळ नेले आणि स्वाराच्या पायांमधली जागा मोकळी केली. स्कूटरवर पाय टाकून चढावे लागत नाही, साडीही आड येत नाही. देहमापनाचा कॅलिपर हाती घेतलेल्या इरावतीबाई पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी होत्या, हा इतिहासातला सुंदर मेळ आहे. पुढे १९८० च्या दशकात पुण्याची कायनेटिक होंडा आणि १९९० च्या दशकात चेन्नईस्थित टीव्हीएस कंपनीची स्कूटी यांनी लाखो मुलींना व स्त्रियांना स्वतःचे वाहन दिले. हा लाभ मोठाच होता. मात्र त्याबरोबर एक समजूतही घट्ट झाली, की स्कूटर स्त्रियांची आणि बुलेट पुरुषांची. यंत्राच्या मापातून आलेला भेद स्वभावाचा भेद मानला जाऊ लागला. स्त्रिया बुलेट चालवत नाहीत याचे कारण आवडीत शोधले गेले; फ्रेमच्या नळ्यांकडे कोणी पाहिले नाही.

ही समजूत प्रथम मोडली ती स्त्रियांनीच. २००९ च्या क्लासिकमध्ये इंजिन सुरू करण्यासाठी बटण आले आणि किकचा अडसर दूर झाला. जानेवारी २०११ मध्ये उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘बायकर्नी’ ही स्त्रियांची मोटारसायकल संघटना स्थापन झाली आणि पुढे देशभर पसरली. २६ जानेवारी २०१८ रोजी सीमा सुरक्षा दलाच्या ‘सीमा भवानी’ पथकातील स्त्रियांनी राजपथावर ३५० सीसीच्या रॉयल एनफिल्डवरून कसरती केल्या. सीमेवर गस्त घालणाऱ्या पुरुषांसाठी जे यंत्र १९५० च्या दशकात निवडले गेले होते, त्याच यंत्रावर आता सीमेचे रक्षण करणाऱ्या स्त्रिया उभ्या होत्या.

कारखान्याकडून उत्तर आले ते त्यानंतर. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मीटिओर ३५० ची बैठक ७६५ मिलिमीटरवर होती. पुढच्या वर्षी नव्या क्लासिकमध्ये तेच इंजिन आले, पण बैठक ८०५ वर राहिली. २०२३ च्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसवता येते, आणि वेगळी बुटकी सीट लावून ८०५ पर्यंत उतरवता येते. २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात सादर झालेल्या ‘गोअन क्लासिक ३५०’ ची बैठक तर ७५० मिलिमीटर आहे. कंपनीने तिची प्रेरणा १९६० व ७० च्या दशकांत गोव्याच्या किनाऱ्यावर रुजलेल्या मोकळ्या जीवनशैलीत आणि तेथील फेरबदल केलेल्या मोटारसायकलींत असल्याचे सांगितले. देवघेव येथेही चुकलेली नाही : क्लासिकच्या पोटाखाली जमिनीपासून १७० मिलिमीटर अंतर असते, गोअनमध्ये ते १५० आहे.

एकाच इंजिनाभोवती ८०५, ७६५ आणि ७५० मिलिमीटरच्या तीन बैठका उभ्या राहू शकतात, यावरून एक गोष्ट निर्विवाद होते. बैठकीची उंची हा निसर्गनियम नाही. गुरुत्वाकर्षण, आघूर्ण, स्प्रिंगांचा ताण हे नियम आहेत. ते रेडिचमध्ये तसेच चेन्नईत. परंतु त्या नियमांच्या चौकटीत कोणाच्या पायासाठी जागा करायची, हा निर्णय माणसांचा असतो. १९५५ साली तो दुसऱ्या देशात घेतला गेला होता, आणि पुढे कित्येक वर्षे कोणी त्याचा फेरविचार केला नाही, कारण जे स्वार झाले त्यांना अडचण नव्हती आणि ज्यांना अडचण होती ते स्वार झालेच नाहीत. वापरणाऱ्यांकडे पाहून मापे ठरवली की वापरू न शकलेल्यांची मापे हिशेबात येत नाहीत. प्रयोगशाळेतील टेबल, शल्यकर्मातील हातमोजे, ट्रॅक्टरचा क्लच, कारखान्यातील यंत्राची कळ, या सर्वांना हाच प्रश्न विचारता येतो. त्यासाठी लागते एक मोजपट्टी, आणि ती कोणाला लावायची याचे भान.